परराज्यात घर करताना : शेजार, साधर्मिक आणि आपण

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवी समारंभात, वागळे इस्टेट, ठाणे येथे केलेले भाषण)



सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव माझ्याआधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. त्यात मी भर घालणार नाही. कार्यकारिणीने मला एक विषय दिला आहे. परराज्यात स्थायिक होण्याची वेळ आली, तर राहण्यासाठी चांगला समाज कसा निवडावा? महोत्सवाच्या मंडपात हा विषय काहीसा वेगळा वाटेल. परंतु विचार केल्यावर वाटते, की पन्नासाव्या वर्षी हाच विषय योग्य आहे. ही संस्था ज्यांनी उभी केली, त्यांपैकी बहुतेक वडीलधारी मंडळी परप्रांतातून येथे आली होती. आज त्यांची नातवंडे येथून परप्रांतात निघाली आहेत. येणाऱ्यांची एक पिढी आणि जाणाऱ्यांची दुसरी पिढी, या दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर आपण आज बसलो आहोत.

आपण कोठून आलो?

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि महामंडळाचे पहिले औद्योगिक क्षेत्र म्हणून वागळे इस्टेट विकसित झाली. क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते आखले गेले, शेड उभ्या राहिल्या, आणि कामगारांबरोबर त्यांना लागणारी दुकानेही आली. मारवाडच्या पाली, सिरोही, जालोर या भागांतून, कच्छमधून, सौराष्ट्रातून आपली माणसे आली. कोणी किराणा मांडला, कोणी भांड्यांचे दुकान घातले, कोणी हार्डवेअर, तर कोणी एखाद्या गाळ्यात दोन यंत्रे टाकून उद्योग सुरू केला. कोल्हापूर, सांगली आणि बेळगावकडचे दिगंबर बांधवही आले. त्यांची मातृभाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठीच, त्यामुळे आपल्यांत तेच खऱ्या अर्थाने घरचे होते.

या पिढीला चांगली वस्ती निवडण्याची चैन नव्हती. किसननगर असो, श्रीनगर असो वा लोकमान्यनगर, जेथे भाडे परवडले तेथे ती राहिली. भोवती कोकणातला, घाटावरचा, उत्तरेकडचा, दक्षिणेकडचा कामगार होता. कारखान्यात टाळेबंदी झाली की वाण्याच्या दुकानातली उधारीची वही लांबत जाई, आणि कारखाना सुरू झाला की तीच वही हळूहळू फिटे. त्या वहीने जो शेजार जोडला, त्याच्या आधारावर आपली दुकाने टिकली आणि पुढे ही संस्थाही उभी राहिली, हे आज कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

अर्थात ठाण्याला आश्रयासाठी आलेला आपल्यांतला पहिला मनुष्य साठ वर्षांपूर्वीचा नव्हे. आयंबिलाच्या ओळीत आपण दरवर्षी श्रीपाल राजाची कथा ऐकतो. टेंभीनाक्यावरील श्री मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरात, ज्याला आपण कोकण शत्रुंजय म्हणतो, त्या कथेचे स्मरण जागते आहे. धवल शेठने श्रीपालाला समुद्रात ढकलले. नवपदाच्या प्रभावाने तो तरून कोकणच्या किनाऱ्यावर, ठाण्याला लागला आणि येथल्या राजाने त्याचा सन्मान केला. ही कथा आपण श्रद्धेने ऐकतो, पण आजच्या विषयाच्या दृष्टीने तिचे एक अंग क्वचितच ध्यानात घेतो. ज्याच्या तांड्याबरोबर श्रीपाल प्रवास करीत होता, त्यानेच दगा दिला, आणि ज्या मुलखात त्याला कोणी ओळखत नव्हते, तेथे आसरा मिळाला. आपला कोण आणि परका कोण, हे केवळ सहप्रवासाने ठरत नाही. ते आचरणाने ठरते. आज मला जे सांगायचे आहे, त्याचे सार एवढेच आहे.

आता आपण कोठे जातो?

वागळे इस्टेटीतील कित्येक लहान उद्योग कालांतराने वापी, दमण, सिल्व्हासाकडे सरकले. जुन्या शेडच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या. मुले शिकली आणि नोकरीसाठी बंगळुरू, हैदराबाद, चेन्नईला जाऊ लागली. काही कुटुंबे डोंबिवली, कल्याण, भिवंडी वा घोडबंदर रस्त्यापर्यंत गेली, पण तो प्रवास घरातल्या घरातच झाला. परराज्याची गोष्ट निराळी.

२०११ च्या जनगणनेत देशात जैनांची नोंद सुमारे साडेचव्वेचाळीस लाख झाली. त्यांपैकी चौदा लाख एकट्या महाराष्ट्रात आहेत, म्हणजे राजस्थान आणि गुजरात या दोहोंच्या बेरजेपेक्षाही अधिक. कर्नाटकात सुमारे चार लाख चाळीस हजार आणि तामिळनाडूत नव्वद हजारांहूनही कमी. देशभराचा विचार केला तर हजार माणसांमागे जैन चार. म्हणून ठाण्यात वाढलेला मुलगा चेन्नईला जातो तेव्हा गाव बदलण्यापेक्षा अधिक काही घडते. जेथे हाकेच्या अंतरावर देरासर आणि कोपऱ्यावर फरसाणवाला आहे अशा वातावरणातून तो अशा ठिकाणी जातो, जेथे कांदा-लसूण का नको हे त्याला रोज समजावून सांगावे लागते. अशा वेळी आई-वडिलांचा पहिला सल्ला ठरलेला असतो : 'जेथे आपले लोक जास्त आहेत तेथेच घर घे.' सल्ला मायेचा आहे, पण तो अपुरा आहे.

शास्त्र काय सांगते?

बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी कुमारपाल राजासाठी योगशास्त्र रचले. त्याच्या पहिल्या प्रकाशाच्या अखेरीस गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. मार्गानुसारीचे गुण म्हणून आपण ते पाठशाळेत पाठ केले. घर निवडणाऱ्याने ते पुन्हा वाचावेत, कारण त्यांतले निदान पाच गुण थेट आपल्या प्रश्नाला उत्तर देतात.

पहिला गुण स्थान सोडण्याविषयी आहे. जे स्थान उपद्रवाने ग्रस्त झाले, ते सोडावे असे आचार्य सांगतात. निर्वाहाचे साधन संपले तरी गाव धरून बसणे हा काही धर्म नव्हे. तेव्हा जाणाऱ्याला 'धर्म सोडून चालला' असे म्हणणे आपण बंद केले पाहिजे.

दुसरा गुण घराविषयी आहे. घर फार उघड्यावर नसावे, फार आडबाजूलाही नसावे, बाहेर पडण्याची दारे फार नसावीत आणि शेजार चांगला असावा. हा शेवटचा शब्द नीट पाहावा. शेजारी आपल्या जातीचा, गावाचा वा गच्छाचा असावा असे आचार्यांनी म्हटलेले नाही. तो चांगला असावा, एवढेच म्हटले आहे.

तिसरा गुण संगतीचा आहे. संग सदाचारी माणसांचा धरावा. येथेही कसोटी आचाराचीच आहे.

चौथा गुण खर्चाचा आहे. मिळकतीच्या मानाने खर्च करावा. देरासराला लागून असलेल्या इमारतीत घर घ्यायचे म्हणून झेपणार नाही इतके कर्ज काढणारी कुटुंबे आपण पाहतो. हप्त्यांच्या चिंतेत सामायिकात मन कसे लागावे? बंगळुरूत भाड्याच्या घरासाठी दहा-दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची रीत आहे. निघण्यापूर्वीच हा हिशेब मांडावा.

पाचवा गुण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या देशात राहावे, तेथील शिष्टसंमत देशाचार पाळावा. देशाचारात भाषा आली, सण आले, शेजाऱ्याच्या सुखदुःखात जाण्याची तेथली पद्धत आली. कर्नाटकाने २०१५ मध्ये, तामिळनाडूने २००६ मध्ये आणि तेलंगणाने २०१८ मध्ये शाळेत राज्यभाषा शिकवण्याचे कायदे केले. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये तेच केले. परराज्यात गेलेले पालक या विषयाला ओझे समजतात. परंतु कन्नड साहित्याचे रत्नत्रय मानले जाणारे पंप, पोन्न आणि रन्न हे तिघेही जैन होते. तामिळमधील जीवकचिंतामणी हे महाकाव्य रचणारे तिरुत्तक्कदेवरही जैनच. चेन्नईला जाणाऱ्या कित्येकांना तामिळ ही ज्यांची मातृभाषा आहे असे जैन उत्तर तामिळनाडूच्या खेड्यांत शतकानुशतके राहत आहेत आणि मेलसित्तमूर येथे त्यांचा मठ आहे, हेच ठाऊक नसते. म्हणजे जी भाषा शिकण्याचा आपण कंटाळा करतो, ती आपल्याच पूर्वजांनी घडवलेली आहे.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या चरणांजवळ कोरलेले लेख आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. मूर्ती कर्नाटकात, पण लेख कन्नड, तामिळ आणि मराठी अशा तीन भाषांत आहेत. तेथला मराठी लेख आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांत गणला जातो. दूरदूरच्या यात्रेकरूला त्याच्या भाषेत सांगावे, ही दृष्टी त्या काळच्या श्रावकांना होती. आपल्या महाराष्ट्रातही सोलापूरचे उदाहरण आहे. सौराष्ट्रातील वांकानेरहून आलेल्या दोशी घराण्याने सोलापूर हेच आपले गाव मानले. त्याच घराण्यातील शेठ हिराचंद नेमचंद यांनी 'जैन बोधक' सुरू केले, आणि वालचंद हिराचंद यांनी पुढे देशाच्या उद्योगक्षेत्रात नाव कमावले. ज्या भूमीत आलो, ती भूमी आपली मानली म्हणून हे घडले.

जाण्यापूर्वी काय पाहावे?

आता तरुण कुटुंबांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

संपूर्ण बिऱ्हाड हलवण्यापूर्वी एकट्याने आठ दिवस तेथे राहून यावे, आणि तेही पर्युषणात नव्हे. पर्युषणात प्रत्येक संघ भरलेलाच दिसतो. संघाची खरी ओळख माघ महिन्यातील एखाद्या साध्या मंगळवारी होते. त्या दिवशी पूजेला कोण येते, उपाश्रयात दिवा असतो का, पाठशाळेत दोनच मुले आहेत की वीस, हे पाहावे. मुख्य म्हणजे पूजा आटोपून पायरीवर उभे राहावे. 'आपण नवीन दिसता, कोठून आलात?' असे कोणी विचारते की नाही, ते पाहावे. जेथे तीन दिवसांत कोणी विचारले नाही, तेथे संगमरवर कितीही शुभ्र असो, पुनर्विचार करावा.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, सूर्यास्ताने मोजावे. कार्यालय सातला सुटते आणि घर दोन तासांवर आहे, तर चोविहार कसा पाळणार? सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय कार्यालयाजवळ होते का, घरातील वृद्धांना देरासरापर्यंत चालत जाता येते का, साधू-साध्वी विहारात आल्या तर गोचरीला जवळपास घरे आहेत का, हे आधी पाहावे. वृद्धांचा विचार तर विशेष करावा. मुलाला कार्यालय मिळते, नातवाला शाळा मिळते, पण आजींना बोलायला कोण मिळते, हा प्रश्न घर बघताना कोणी विचारत नाही.

पहिले वर्ष भाड्याने राहावे आणि येथले घर विकण्याची घाई करू नये. उन्हाळ्यात पाणी येते का, दवाखाना किती दूर आहे, रात्री स्त्रियांना रस्ता निर्धोक वाटतो का, हे वर्षभर राहिल्याशिवाय कळत नाही. तेथील दूधवाला आणि इमारतीचा पहारेकरी यांच्याशी बोलावे. दलालापेक्षा खरी माहिती त्यांच्याकडे असते. शाळा सोडल्याचा दाखला, गॅसजोडणीचे हस्तांतर, वाहनाचे ना-हरकत पत्र ही कामे निघण्याआधी हाती घ्यावीत.

चौथी गोष्ट पंथाची. परगावी कदाचित एकच जिनालय असेल आणि ते आपल्या आम्नायाचे नसेल, तरीही तेथे जावे. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेल्या जैन केंद्रात श्वेतांबर, दिगंबर आणि स्थानकवासी एकाच छताखाली आले. त्या लोकांना जे परदेशात साधले, ते आपल्याला बंगळुरूत का साधू नये? आणि मी तर म्हणेन, ठाण्यात तरी का साधू नये?

'फक्त आपल्यांची' इमारत

आता थोडे अवघड बोलतो. परराज्यात जाणाऱ्यांना आणि येथे राहणाऱ्यांनाही 'फक्त आपल्यांची' इमारत सर्वांत सुरक्षित वाटते. त्यामागची भावना मला समजते. जिन्यात मांसाहाराचा वास नको, मुलांवरचे संस्कार टिकावेत, ही इच्छा प्रामाणिक आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा उपविधी वैध ठरवला, हेही खरे आहे. परंतु कायदा ज्याला मुभा देतो, ते सर्व श्रावकाला शोभतेच असे नाही. मुंबई-ठाण्यात आहाराच्या कारणावरून घर नाकारल्याच्या तक्रारी वेळोवेळी झाल्या, वर्तमानपत्रांत गाजल्या, आणि त्यात आपल्या समाजाचे नाव आले. ज्या मराठी कामगाराच्या शेजाराने आपल्या आजोबांचे दुकान चालले, त्याच्या नातवाला आपल्या इमारतीच्या दारातून परत पाठवावे, हे आजोबांना रुचले असते का? ज्याने त्याने मनाशी विचार करावा.

हजारात चार असणारा समाज भिंतीच्या आधाराने जगू शकत नाही. तो शेजाराच्या आधारानेच जगतो. आणि अनुकंपा तर आपल्या सम्यक्त्वाच्या लक्षणांत सांगितली आहे. ती इमारतीच्या फाटकापाशी थांबत नाही. मुलांचे संस्कार घरात आणि पाठशाळेत घडतात. चांगल्या शेजाऱ्यामुळे ते बिघडत नाहीत. उलट, आपण असे का जगतो हे शेजाऱ्याला प्रेमाने सांगण्याची वेळ येते, तेव्हा मुलाला स्वतःचा धर्म प्रथमच समजतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण आपल्याच समाजातले आहे. कुंभोजचा हा जैन मुलगा शिक्षणासाठी कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये राहिला. समाजाने आपल्या मुलासाठी उघडलेले ते दार होते. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. समाजाकडून जे घेतले, ते त्यांनी सर्वांना दिले. साधर्मिक वात्सल्याची याहून मोठी परिणती मला माहीत नाही.

एक वीट आणि एक मोहोर

शेवटी आपल्याकडे वळतो. मांडवगडाविषयी आपल्यात एक परंपरा सांगितली जाते. नवा साधर्मिक नगरात आला की प्रत्येक घरातून त्याला एक वीट आणि एक सुवर्णमोहोर मिळे. विटांचे घर होई आणि मोहोरांचे भांडवल. अग्रवाल समाजही अग्रोह्याची अशीच आठवण सांगतो. ती तपशिलाने खरी किती, हे इतिहासकारांनी पाहावे. तिच्यातला आदर्श मात्र पक्का आहे. चांगला समाज कोणता, तर नव्याने आलेल्याला पहिल्या दिवशी वीट आणि मोहोर देतो तो. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत शेठ माणेकचंद हिराचंद यांच्या प्रयत्नांतून हिराचंद गुमानजी बोर्डिंग चालू लागले, आणि आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. तीही परगावच्या मुलासाठी दिलेली वीटच होती.

म्हणून जी कसोटी आपल्या मुलांनी बंगळुरूच्या वा हैदराबादच्या संघाला लावावी असे मी म्हणतो, ती आपण आपल्यालाही लावू या. आज कोणी नवे कुटुंब राजस्थानातून, मध्य प्रदेशातून वा कर्नाटकातून वागळे इस्टेटीत आले, तर आपल्या पायरीवर त्याला कोणी विचारतो का?

सुवर्ण महोत्सवाची आठवण म्हणून मी तीन लहान सूचना करतो. त्यांना मोठा निधी लागणार नाही. पहिली, आपली जी कुटुंबे परराज्यांत गेली आहेत, त्यांची एक वही संस्थेने ठेवावी. ज्याला हैदराबादला जायचे आहे, त्याला तेथे आधीच गेलेल्या दोन घरांचे पत्ते मिळावेत आणि तेथील संघाच्या नावे संस्थेचे ओळखपत्र मिळावे. दुसरी, नव्याने येणाऱ्या कुटुंबाला पहिला महिनाभर डोके टेकायला एखादी खोली आणि मार्गदर्शनाला एक कार्यकर्ता नेमून द्यावा. तिसरी, पाठशाळेत येणाऱ्या परप्रांतीय मुलांसाठी आणि त्यांच्या मातांसाठी रविवारी एक तास मराठीचा वर्ग घ्यावा. त्या वर्गाला शेजारच्या कोणत्याही समाजाची स्त्री आली, तर तिलाही बसू द्यावे.

बंधू-भगिनींनो, आपले साधू-साध्वी चातुर्मासाखेरीज एका ठिकाणी स्थिर राहत नाहीत, तरीही ते कोणत्याच गावाला परके नसतात, कारण ते आपले आचरण बरोबर घेऊन चालतात. आपण गृहस्थ आहोत. आपल्याला घर लागते, दार लागते, शेजार लागतो. हे सर्व निवडताना माणसांची संख्या मोजू नये, त्यांचे आचरण पाहावे. आणि जेथे जाऊ तेथे आपल्यामुळे शेजार चांगला झाला, असे लोकांनी म्हणावे असे राहावे.

संस्थेला शताब्दीपर्यंतच्या वाटचालीसाठी मनःपूर्वक शुभेच्छा देतो आणि माझे भाषण संपवतो.

जय जिनेंद्र!